पस्तिशी-पंचेचाळिशीतल्या ऑपरेटरना व्हर्नियर शिकवायचं कसं?

वाळूजचा_क्वालिटीवाला:
नमस्कार मंडळी. वाळूजला एका छोट्या मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघतो. २५ मिमी शाफ्ट, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ±०.०५. अंडरसाइझ रिजेक्शन (मापापेक्षा बारीक म्हणून बाद होणारे नग) वाढलं म्हणून साहेबांनी व्हर्नियरचं, म्हणजे बारीक माप घ्यायच्या हत्याराचं, ट्रेनिंग माझ्या गळ्यात टाकलं. ६२ स्लाइडची पीपीटी केली, पहिली शिफ्ट सुटल्यावर दोन तास घेतलं. परीक्षेत सगळे पास, फीडबॅक फॉर्मवर 'उत्तम'. पुढच्या आठवड्यात रिजेक्शन जैसे थे. माणसं पंधरा-वीस वर्षं मशीनवर आहेत, मी २७ चा. काय चुकतंय?

रोलिंगमिल_जालना:
भाऊ, फॉर्मवर उत्तम लिहिलं म्हणजे तुमचा चहा बरा होता. ट्रेनिंग लागू पडलं का हे कसं तपासायचं, ते किर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकानं १९५९ मध्येच मांडून ठेवलंय: आवडलं का, शिकले का, कामात वापरतात का, रिजेक्शन उतरलं का. तुम्ही पहिल्या दोनवरच थांबलात.

आयटीआय_निवृत्त_नांदेड:
बाळा, पीपीटी बंद कर. एक शाफ्ट घे, त्यावर आकडा लिहू नको. एकेकाला मोजायला लाव आणि चिठ्ठीवर रीडिंग लिहून डब्यात टाकायला सांग. चिठ्ठीवर नाव नको, हे महत्त्वाचं. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला दशांश वाचता येत नाही हे चारचौघांत उघडं पडलं, की तो पुन्हा तुझ्या वर्गात तोंड उघडणार नाही. 'चष्मा घरी राहिला' म्हणणाऱ्याला टोकू नको, त्याच्याजवळ एकट्यानं जाऊन बस.

आता चिठ्ठ्या बघ. तुमचं व्हर्नियर ०.०२ चं, म्हणजे ०.०२ मिमीच्या टप्प्यांनी मोजणारं असेल, तर शेवटचा अंक सम यायला हवा. २४.९७ लिहिलेली चिठ्ठी म्हणजे त्यानं रेघ जुळवलेलीच नाही, अंदाजानं आकडा टाकलाय.

पुढचं काम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत बसवलेल्या पद्धतीनं कर. त्याला आधी काय येतं ते विचार, करून दाखव, त्याच्याकडून करून घे, मग मशीनवर जाऊन बघत राहा. करताना 'आता काय केलंस, का केलंस' हे त्याच्याच तोंडून वदवून घे. एका वेळी दोन-तीन माणसं, पंधरा मिनिटं. चौथी पायरी सगळे खातात.

सेकंड_शिफ्ट_ऑपरेटर:
सर, राग मानू नका. तीनला शिफ्ट सुटती, बस लागलेली असती, मानसं घड्याळाकडंच बघायलेत. शिफ्टमधी पंधरा मिनिटं द्या अन् तेवढे नग टार्गेटातून कमी करा, मग बघा कोण झोपतंय. अन् एक, आमाला शिकवायच्या आधी आमची हत्यारं तपासा.

वाळूजचा_क्वालिटीवाला:
शुक्रवारी शिफ्टमध्येच केलं. नग कमी करायला साहेब कसेबसे तयार झाले. एकाच शाफ्टच्या चिठ्ठ्या २४.९४ ते २५.०६. दोन चिठ्ठ्यांवर विषम अंक होते.

ऑपरेटर दादांचं ऐकून हत्यारंही बघितली. तीन नंबर मशीनवरच्या व्हर्नियरचे जबडे पूर्ण मिटले तरी शून्य जुळेना, रीडिंग ०.०४ जास्त. म्हणजे त्यावर २४.९८ दिसलेला नग खरा २४.९४, आणि ऑपरेटरनं बिनधास्त पास केलेला. झिरो एरर माझ्या ३१ व्या स्लाइडवर होता. ते व्हर्नियर मी स्वतः कधी मिटवून बघितलं नव्हतं.