मदत हवी आहे: सासूबाईंच्या तोंडातली बुरशी जाऊन परत येतेय

नमस्कार मंडळी, इंदिरानगर, नाशिकहून लिहितेय. सासूबाई ६८ वर्षांच्या, दमा आहे, शुगर आहे, वर कवळी आहे. थंडी वाढली तशी धाप लागायला लागली म्हणून डॉक्टरांनी स्टेरॉइडवाला पंप सुरू केला आणि महिन्याभरात जिभेवर, टाळूला साय धरल्यासारखा पांढरा थर. पुसला तर निघतो पण खाली लालभडक. आम्हाला वाटलं तोंड आलंय, आठवडाभर बी-कॉम्प्लेक्स आणि तूप लावणं चाललं. रविवारी मिसळ आणली तर पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी, आणि या बाई म्हणजे तर्री वरून मागून घेणाऱ्या!

डॉक्टर म्हणाले कँडिडा आहे, म्हणजे तोंडातली बुरशी. आधी क्लोट्रिमॅझोलचा माउथ पेंट दिला, सहा दिवसांत तोंड साफ झालं म्हणून आम्हीच बंद केला, पंधरा दिवसांत परत जैसे थे. आता निस्टॅटिनचं पिवळं औषध दिलंय, दिवसातून चार वेळा, १४ दिवस. गर्दीत विचारायचं राहून गेलं की हे गिळायचं की थुंकायचं? शिवाय मी मेडिकलमधून क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश आणलाय, त्याने आधी चूळ भरून मग लगेच हे देतेय, तोंड स्वच्छ असलं की औषध चांगलं लागेल म्हणून. बरोबर ना? शेजारच्या काकू टाकणखाराची लाही मधात कालवून लावा म्हणतायत. आणि दीर म्हणतो बुरशीवरची फ्लुकोनॅझोलची गोळी आणून देऊन टाक, एकदाचं संपेल.

औषधवाला_नाशिकरोड: ताई, माउथवॉश आधी थांबवा. क्लोरहेक्सिडिन आणि निस्टॅटिन एकमेकांना निकामी करतात, द्यायचेच असतील तर मध्ये किमान अर्धा तास तरी जाऊ द्या. बाटली खळखळून हलवायची, कवळी काढायची, औषध तोंडात सगळीकडे घोळवून जमेल तितका वेळ धरून ठेवायचं. गिळलं तरी पोटातून रक्तात जवळजवळ जात नाही, त्यामुळे सहसा गिळायलाच सांगतात, तुमच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते एकदा बघा. नंतर अर्धा तास चहासुद्धा नाही. आणि थर गेला की बंद करू नका, पेंटच्या वेळी तिथेच फसलात. काही कंपन्यांच्या औषधात साखर असते, शुगरवाल्यांनी लेबल बघून घ्यावं. (निस्टॅटिन हे नाव न्यूयॉर्क स्टेटवरून पडलंय, १९५० मध्ये तिथल्या दोन बायकांनी, हेझन आणि ब्राउन यांनी शोधलं. काउंटरवर बसून वाचायला वेळ मिळतो हो.)

टाकणखार अजिबात नको, तो पोटात गेला तर विषारी आहे, तान्ह्या बाळाला तर चुकूनसुद्धा लावू नका. गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. शुगरसाठी ग्लिमेपिराइड चालू असेल तर फ्लुकोनॅझोलने शुगर एकदम खाली येऊ शकते, रक्त पातळ करायची वॉरफरिन असेल तर आणखी भानगड.

कवळीवाले_आजोबा: रात्री कवळी काढून झोपतात का त्या? माझंही असंच फिरून फिरून यायचं. बुरशी कवळीवरच बसलेली असते, तोंडात कितीही औषध घोळवा. रोज ब्रशने घासायची आणि रात्री भिजत ठेवायची. तुमचा तो माउथवॉश फुकट जाणार नाही, कवळी त्यात भिजवा, सकाळी नीट धुऊन मगच लावा.

सातपूरकर: पंप घेतल्यावर चूळ भरतात का??

धागाकर्ती: नाही! कोणी सांगितलंच नाही, झोपताना पंप घेऊन तशाच पांघरूण ओढतात, कवळीसकट. पंप बंद करू का मग?

औषधवाला_नाशिकरोड: नाही नाही, पंप बंद केला तर दमा उसळेल. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घ्यायला शिकवा म्हणजे औषध घशात कमी चिकटतं, आणि दर वेळी नंतर खळखळून चूळ भरून थुंकायची. शुगरही तपासून घ्या, वाढलेली असेल तर बुरशीला आयतंच रान मिळतं. घास गिळताना दुखायला लागलं तर वाट बघू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या.

धागाकर्ती: आज ११ वा दिवस. थर गेलाय, अजून तीन दिवस औषध देणारच आहे. HbA1c (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.१ आला, म्हणजे शुगर वाढलेलीच, तर आता डॉक्टरांकडे वेगळी फेरी. कवळी रात्री वाटीत असते म्हणून नातू सकाळी उठून आधी तिला हात लावतो, ते एक नवीनच झालंय. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मिसळीचं विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, या रविवारी आण, पण माझी बिनतर्रीची.