सांदवाडीतला मोकळा तुकडा: रताळ्याचा वेल की जास्वंद?

मूळ मुद्दा (आर्वी तालुका, जिल्हा वर्धा)

आमच्या घरामागच्या सांदवाडीत दहा बाय बारा फुटांचा एक तुकडा आहे आणि गेली तीन वर्षे मी तेथे पावसाळ्यात रताळ्याचा वेल लावत आले आहे. यंदा सुनेचे म्हणणे पडले की त्या जागी जास्वंदीची चार झाडे लावावीत, म्हणजे वर्षभर पूजेला फूल मिळेल आणि घराला शोभाही येईल. तिचे म्हणणे मी मनापासून ऐकून घेतले, तरीही माझे मत वेलाच्याच बाजूने आहे.

जून सरता सरता जमिनीत चांगली ओल झाली की तीन-चार डोळ्यांचे वीतभर बेणे वरंब्यावर लावायचे आणि साधारण चार महिन्यांनी, दिवाळीच्या आगेमागे, रताळी काढायची. मधल्या काळात पावसाने मोठी उघडीप दिली तरच पाणी द्यावे लागते. जास्वंद मात्र बारमाही झाड आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, नळ दिवसाआड येतो आणि नेमके त्याच दिवसांत तिला पाणी घालावे लागते. उन्हाळ्यात घागर मोजून वापरणाऱ्या घराने चार झाडांचा हा भार अंगावर घेऊ नये, असे मला वाटते.

मागच्या वर्षी एवढ्याशा जागेतून सुमारे पंधरा किलो रताळी निघाली, कोवळ्या पानांची भाजी झाली आणि उरलेला वेल गाईने खाल्ला. काढल्यावर काही दिवस सावलीत ठेवलेले रताळे चुलीच्या गरम राखेत सावकाश भाजले की साल सैल होते आणि फुटलेल्या जागेतून काळसर पाक पाझरतो. मंद आचेवर आतल्या पिठाची साखर होत जाते. घाईने शिजवलेल्या रताळ्याला ती गोडी येत नाही. माझी नातवंडे या चार महिन्यांत किती वेळा माती उकरून पाहतात, ते मी रोज बघते, आणि ही ओढ मला मोलाची वाटते.

प्रतिसाद (चिमूर तालुका, जिल्हा चंद्रपूर)

ताई, पाण्याचा तुमचा हिशेब मला पटतो, परंतु आमचे गाव ताडोबाच्या जंगलाला लागून आहे आणि येथे पहिला प्रश्न पाण्याचा नसून रानडुकरांचा आहे. दोन वर्षांपूर्वी मीसुद्धा घरामागे, काटेरी कुंपणाच्या आत, रताळी लावली होती. सप्टेंबरमधल्या एका रात्री डुकरांनी कुंपणाखालची माती उकरून आत प्रवेश केला. सकाळी पाहतो तर वरंबे नांगरल्यासारखे उलथलेले, वेल मुळांसकट बाजूला पडलेले आणि अर्धवट चावलेल्या रताळ्यांवर पांढरा चीक अजून ओला होता.

पिकाचे नुकसान सोसता येते, पण डुकरांच्या मागावर बिबट आणि वाघही वस्तीपर्यंत येतो. जेथे घरातल्या बाया पहाटे अंधारात भांडी घासायला बसतात, तेथे डुकरांना बोलावणारे कंद मी पुन्हा लावणार नाही. जास्वंदीचा पाला शेळ्या खातात, तेवढे सांभाळावे लागते. तिच्यासाठी रात्री कुंपण उकरायला मात्र कोणी येत नाही. जंगलालगतच्या गावांनी तरी घराजवळ फुलझाडच लावावे, हे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ)

काकू, मी जमिनीच्या बाजूने बोलतो. रताळ्याला हलकी, पाण्याचा निचरा होणारी जमीन मानवते. आपल्याकडची काळी माती पावसात चिकट होते, त्यामुळे कंद वेडेवाकडे वाढतात. पुढे पाऊस ओसरला की तिला भेगा पडतात आणि त्याच भेगांतून सोंड्या भुंगा कंदापर्यंत पोहोचतो. वरून हिरवागार दिसणारा वेल उपटला, तर खालचे रताळे भोकांनी पोखरलेले आणि चवीला कडू निघते. असे किडके रताळे माणसाने तर खाऊ नयेच, जनावरांनाही घालू नये.

दुसरे असे की, बहुतेक घरी सांदवाडीला मोरीचे सांडपाणीच जाते. कपड्यांच्या साबणातला सोडा काळ्या मातीत साचत गेला की जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी, होऊ लागते आणि जे मूळ आपण खाणार, ते त्याच पाण्यात वाढवणे मला योग्य वाटत नाही. जास्वंदीचे आपण काही खात नाही. आंघोळीच्या पाण्यावर आमची दोन झाडे आठ वर्षांपासून उभी आहेत. तुमच्या मे महिन्याच्या अडचणीला हे उत्तर होऊ शकते.

प्रतिसाद (हिंगणघाट तालुका, जिल्हा वर्धा)

दारव्ह्याच्या भाऊंनी जास्वंदीला निर्धोक ठरवले, म्हणून कापूस पिकवणारा शेतकरी या नात्याने लिहिणे मला भाग आहे. जास्वंद, कपाशी, भेंडी आणि अंबाडी ही सगळी एकाच कुळातली झाडे आहेत. २००६-०७ च्या सुमारास कपाशीवर जो पिठ्या ढेकूण (रस शोषणारी कीड) उसळला होता, तो जास्वंदीवरही तितक्याच सुखाने राहतो. पऱ्हाट्या उपटून शेत मोकळे झाले तरी बारमाही जास्वंदीच्या शेंड्यांवर त्याला उन्हाळाभर आश्रय मिळतो. फांदीच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पुंजका आणि त्यावर मुंग्यांची ये-जा दिसली, तर तो शेंडा तेव्हाच छाटून जाळावा. ज्यांच्या घराला लागूनच कपाशीचे वावर आहे, त्यांनी चार झाडे लावण्याआधी याचा विचार केला पाहिजे. रताळ्याचे आणि कपाशीचे कूळ वेगळे आहे, म्हणून या बाबतीत मी आर्वीच्या ताईंच्या बाजूने आहे.

प्रतिसाद (शिक्षिका, साकोली तालुका, जिल्हा भंडारा)

आतापर्यंतच्या चर्चेत उपयोग म्हणजे पोट आणि पीक एवढेच धरले गेले, याबद्दल मला खंत वाटते. आमच्या शाळेच्या आवारात लाल जास्वंदीचे एक जुने झाड आहे. तिची पाकळी पांढऱ्या कागदावर चोळून मुले दर्शक कागद तयार करतात. त्यावर लिंबाचा रस पडला की डाग गर्द गुलाबी होतो आणि साबणाचे पाणी पडले की हिरवट होतो. आम्ल आणि आम्लारी यांतला फरक त्या मुलांना पुन्हा सांगावा लागत नाही. सकाळी जांभळा सूर्यपक्षी फुलाच्या देठाजवळ चोच खुपसून मध घेतो, तेव्हा अख्खा वर्ग श्वास रोखून पाहतो. फूल एकाच दिवसाचे असते हे खरे, पण दुसऱ्या दिवशी दुसरे उमलते. सुनेच्या मागणीत निव्वळ हौस आहे असे समजू नये, ही विनंती.

प्रतिसाद (चामोर्शी तालुका, जिल्हा गडचिरोली)

आमच्याकडे वैनगंगेच्या काठची माती रेताड आहे, त्यामुळे दारव्ह्याच्या भाऊंची अडचण आम्हाला येत नाही. पावसाळा संपल्यावर लावलेली रताळी महाशिवरात्रीला, मार्कंड्याच्या जत्रेच्या वेळी, उपवासासाठी हाताशी येतात. माझे सांगणे एवढेच की रताळे लावायचेच तर नारिंगी गराचे लावावे. पांढऱ्या गरात जवळजवळ नसलेले कॅरोटीन त्यात भरपूर असते आणि त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेचा ‘भू सोना’ हा असाच वाण आहे. आफ्रिकेत नारिंगी रताळे घरोघरी पोहोचवणाऱ्या मारिया आंद्राडे, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो यांना, हॉवर्थ बुइस यांच्यासह, २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला होता. बालकांच्या डोळ्यांशी संबंध असलेल्या पिकाची तुलना शोभेशी करताना हे लक्षात असावे.

मूळ मुद्दा मांडणारीकडून

चिमूरच्या दादांचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करते. त्यांच्या गावी मी राहत असते तर मीही रताळे लावले नसते. दारव्ह्याच्या भाऊंना मात्र सांगते की माझी मातीही काळीच आहे. मी वरंबा फूटभर उंच करते, त्यात नाल्याची रेती आणि कुजलेले शेणखत मिसळते. खत बेतानेच घालते, कारण ते जास्त झाले तर वेल माजतो आणि कंद धरत नाहीत. भाद्रपदात भेग दिसली की त्याच संध्याकाळी माती ओढून बुजवते, आणि जागोजागी मुळे धरू नयेत म्हणून दर पंधरवड्याला वेल उचलून पुन्हा खाली ठेवते. तीन वर्षांत किडलेली रताळी ओंजळभरच निघाली. मोरीच्या पाण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. त्या पाण्याचा पाट मी आजच दुसरीकडे वळवला आहे.

बाईंचे लिहिणे सुनेला वाचून दाखवले. मोरीचा पाट आता जेथे उतरतो, तेथे ती जास्वंदीचे एक कलम लावणार आहे. कपाशीचे वावर आमच्या घरापासून लांब आहे, तरी दर आठवड्याला शेंडे तपासायचे असे आमचे ठरले आहे. दहा बाय बाराचा तुकडा मात्र वेलाचाच राहील. चामोर्शीच्या भाऊंकडे नारिंगी गराचे बेणे शिल्लक असेल तर त्यांनी कळवावे. पहिला पाऊस पडेपर्यंत मी वरंबे तयार ठेवते.