अर्धशिशीसाठी रिबोफ्लेविन, मॅग्नेशियम आणि बटरबर घ्यावे का?

निशिगंध
नमस्कार. मला कॉलेजात असल्यापासून अर्धशिशीचा त्रास आहे. महिन्यातून चार-पाच वेळा डोके उठते, उजेड सहन होत नाही आणि उलटी झाल्याशिवाय आराम पडत नाही. झटके येऊ नयेत म्हणून देतात ते प्रोप्रॅनोलॉल हे औषध दमा असल्यामुळे डॉक्टरांनी टाळले. फ्लुनारिझिन या दुसऱ्या औषधाने झटके कमी झाले, परंतु दिवसभर गुंगी राहू लागली आणि वजनही वाढले. आता अमेरिकेतील नणंदेने रिबोफ्लेविन, मॅग्नेशियम आणि बटरबर नावाच्या वनस्पतीच्या कॅप्सूल पाठवल्या आहेत. यांचा खरोखर उपयोग होतो का, आणि तिन्ही एकदम सुरू केल्या तर चालेल का?

सोनचाफा
मी फार्मासिस्ट आहे, म्हणून आधी बटरबरविषयी लिहिते: ती बाटली कृपया उघडू नका. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये आपल्या मार्गदर्शिकेत या वनस्पतीची ठाम शिफारस केली होती, मात्र यकृताला इजा होण्याच्या धोक्यामुळे २०१५ मध्ये ती मार्गदर्शिका मागे घेतली. बटरबरमध्ये मुळातच यकृताला घातक असे पायरोलिझिडीन अल्कलॉइड असतात, आणि ते काढून टाकल्याचे लेबलावर छापलेले असले तरी आपल्याला त्याची खातरजमा करता येत नाही.

रिबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, तुलनेने निर्धोक आहे. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ५५ रुग्णांना तीन महिने रोज ४०० मिलिग्रॅम रिबोफ्लेविन किंवा औषध नसलेली तशीच कॅप्सूल दिली होती. रिबोफ्लेविन घेणाऱ्यांपैकी ५९ टक्के लोकांचे झटके निम्म्याने तरी घटले, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. चाचणी लहान होती, हे लक्षात ठेवायला हवे. आपल्याकडच्या नेहमीच्या बी-कॉम्प्लेक्स गोळीत रिबोफ्लेविन १० मिलिग्रॅमच्या आसपास असते, त्यामुळे ती गोळी घेऊन हा परिणाम मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. लघवी गडद पिवळी होईल. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

देवराई
मॅग्नेशियम मी स्वतः घेतो आणि मला त्याचा गुण आला आहे. ऑक्साइड स्वरूपातील गोळ्या स्वस्त असतात, पण त्या शरीरात कमी शोषल्या जातात आणि पोट बिघडवतात. मला सकाळी जुलाब होऊ लागले, तेव्हा डॉक्टरांनी सायट्रेट स्वरूपातील मॅग्नेशियम देऊन मात्रा हळूहळू वाढवली. साधारणपणे रोज ४०० ते ६०० मिलिग्रॅम देतात, परंतु लेबलावर क्षाराचे, म्हणजे पूर्ण संयुगाचे, वजन लिहिले आहे की प्रत्यक्ष मॅग्नेशियमचे, हे नीट पाहा, कारण दोन्हींत मोठा फरक असतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर ते स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये. थायरॉइडची गोळी चालू असल्यास दोन्हींमध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवावे लागते.

तिन्ही एकदम सुरू केल्यास गुण कशाचा आणि त्रास कशाचा, हे कळणारच नाही. एकच घ्या आणि तीन महिने तरी थांबा. मी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोके दुखल्याच्या तारखेला गोल करतो आणि वेदनाशामक घेतले असल्यास त्याच चौकोनात गोळीचे नाव लिहितो. पुढच्या भेटीत ते पान पाहून डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो.

सोनचाफा
वर वेदनाशामकांचा उल्लेख आला ते बरे झाले. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान (अर्धशिशीचा झटका थांबवणारी औषधे) किंवा मिश्र गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढते आणि मग रिबोफ्लेविन-मॅग्नेशियमसारख्या पूरक गोळ्यांचा उपयोग दिसत नाही. निशिगंधताई, तुम्ही झटक्याच्या वेळी काय घेता, हे लिहिलेले नाही. गर्भधारणेचा विचार असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा. कोणी फीव्हरफ्यू सुचवेल, पण गर्भावस्थेत ती वनस्पती वर्ज्य आहे.

निशिगंध
दोघांचेही मनापासून आभार. मी झटक्याच्या वेळी पॅरासिटामॉल आणि कॅफीनची मिश्र गोळी घेते, आणि गेल्या महिन्यातील पाकिटे मोजली तर ते दिवस दहाच्या जवळ जातात. बटरबर बाजूला ठेवले आहे. येत्या भेटीत डॉक्टरांना या गोळ्यांविषयी सांगून मगच रिबोफ्लेविन सुरू करते.