सल्ला हवा : मे महिन्यात जपान, थीम पार्क आणि राईडचे आगाऊ बुकिंग

अंत्रूजकर, फोंडा

नमस्कार. मे महिन्याच्या सुट्टीत सहकुटुंब जपानला जाण्याचा बेत आहे. आम्ही दोघे, तेरा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि माझी आई असे पाच जण आहोत. टोकियो डिस्नेसाठी दोन दिवस आणि ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओसाठी एक दिवस राखून ठेवला आहे. क्योतोची मंदिरे, बुलेट ट्रेन, हॉटेले यांचे नियोजन फारसा त्रास न होता झाले. घोडे अडले आहे ते या तीन दिवसांपाशी.

प्रवेशाचे तिकीट काढायचे आणि आत जाऊन रांगेत उभे राहायचे, एवढीच माझी थीम पार्कची कल्पना होती. आता कळते की गाजलेल्या राईडसाठी निराळा पास असतो, त्या पासाला ठरावीक वेळ असते, तो विक्रीला येण्याचाही ठरावीक मुहूर्त असतो, आणि काही पास तर आत पाऊल टाकल्याशिवाय विकतच मिळत नाहीत. एक व्हिडिओ सांगतो की डिस्नेसीचा (टोकियो डिस्नेच्या डिस्नेलँड आणि डिस्नेसी या दोन पार्कांपैकी एक) नवा भाग पासाशिवाय पाहताच येत नाही. दुसरा सांगतो की सरळ चालत जा, कोणी अडवत नाही. ओसाकाचा एक्स्प्रेस पास, म्हणजे राईडची लांब रांग टाळण्याचा पास, प्रवेशाच्या तिकिटाहूनही महाग कसा, हे तर मला अजून उमगलेले नाही.

जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे की आगाऊ काय काढून ठेवावे, कशावर पैसे खर्च करणे योग्य ठरेल आणि कशाचा नाद सोडून द्यावा. आईला गुडघ्यांमुळे फार वेळ उभे राहता येत नाही, हेही कृपया ध्यानात घ्यावे.

मांडवीतीर, पणजी

पासांचा विचार नंतर करा, आधी तारखा पाहा. २९ एप्रिलपासून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानमध्ये ‘गोल्डन वीक’ असतो. ३, ४ आणि ५ मे या तर ओळीने सार्वजनिक सुट्ट्या आहेत. आपल्या मुलांची सुट्टी आणि त्यांची सुट्टी अशा एकमेकींवर येतात. विमानाची तिकिटे अजून काढली नसतील, तर १० मेनंतरचे आणि शनिवार-रविवार वगळून दिवस निवडा. कोणताही पास विकत घेऊन जेवढा वेळ वाचेल, त्याहून अधिक वेळ या एका निर्णयाने वाचेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता टोकियो. तिथे आगाऊ काढण्याजोगी गोष्ट मुख्यतः एकच आहे आणि ती म्हणजे तारखेचे प्रवेश तिकीट. ते दोन महिने आधी, जपानच्या वेळेनुसार दुपारी दोन वाजता, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेदहाला विक्रीला येते. गणपतीसाठी कोकण रेल्वेचे आरक्षण उघडण्याची वाट पाहणाऱ्यांना हा प्रकार नवा वाटणार नाही. फरक एवढाच की तिथली तिकिटे सहसा काही मिनिटांत संपत नाहीत, त्यामुळे जीव टांगणीला लावून बसण्याचे कारण नाही. प्रौढांच्या तिकिटाची किंमत दिवसानुसार ७,९०० ते १०,९०० येन इतकी बदलते. किंमत चढली म्हणजे त्या दिवशी गर्दीचा अंदाज आहे असे समजावे. गर्दीचे याहून सोपे पंचांग मला माहीत नाही. मधल्या मेची तिकिटे मार्चच्या मध्यावर उघडतील, तेव्हा शिगम्याच्या गडबडीत ती तारीख विसरू नका.

ज्या पासामुळे तुमचा गोंधळ उडाला आहे, तो डिस्ने प्रीमियर ॲक्सेस. त्यासाठी राईडमागे आणि माणसामागे साधारण १,५०० ते २,५०० येन पडतात, आणि प्रवेश तिकिटाचा क्यूआर कोड दारावर वाचला गेल्यानंतरच तो ॲपवर विकत घेता येतो. घरबसल्या तो मिळवण्याचा प्रयत्नच करू नका. अपवाद आहे तो डिस्नेच्या स्वतःच्या पॅकेजचा. त्यात हॉटेल आणि काही राईडच्या वेळा एकत्र मिळतात, पण ते आपल्यासारख्यांच्या खिशाला परवडणारे नाही.

व्हिडिओंमधील विसंगतीचे कारण असे की नियमच बदलले. डिस्नेसीचा ‘फँटसी स्प्रिंग्ज’ हा भाग ६ जून २०२४ रोजी उघडला. त्या काळात तिथल्या राईडसाठी विकतचा पास किंवा मोफतचा स्टँडबाय पास (रांगेत उभे राहण्याची परवानगी) यांपैकी काहीतरी हातात असणे आवश्यक होते, आणि हे दोन्ही सकाळी लवकर संपत. एप्रिल २०२५ पासून तिथे साधी रांग सुरू झाली. पहिल्या वर्षात केलेले व्हिडिओ आजही शोधात वर येतात आणि लोक उगाच धास्तावतात. कोणताही सल्ला वाचताना, माझा हा सल्लासुद्धा, आधी त्याची तारीख पाहा आणि निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर एकदा पडताळून घ्या.

साखळीची माई, साखळी

तुमच्या आईंविषयी लिहिते, कारण बाकीचे लोक राईडविषयी लिहितीलच.

पास प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्र घ्यायचा असतो, म्हणून पाच जणांचा गुणाकार करून घाबरू नका. ज्यांना खरोखर बसायचे आहे, त्यांच्यापुरताच घ्या. डिस्नेसीमध्ये बंदरातून फिरणारी ट्रान्झिट स्टीमर आणि उंचावरून धावणारी जुन्या धाटणीची इलेक्ट्रिक रेल्वे आहे. दोन्हींत बसून जाता येते आणि गाजलेल्या राईडच्या मानाने तिथली रांग लहान असते. मुले मोठ्या राईडच्या रांगेत असताना आजीने पाण्याकाठी बसावे, त्यातही पुष्कळ पाहण्यासारखे आहे.

दुसरे असे की मुलाची उंची घरी नीट मोजून घ्या. ‘जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ’साठी ११७ सेंटिमीटर उंची लागते, ‘सोअरिंग’ आणि पीटर पॅनच्या राईडसाठी १०२. ओसाकात ‘मारिओ कार्ट’ या राईडमध्ये एकट्याने बसायला १२२ सेंटिमीटर लागतात, सोबत मोठे माणूस असल्यास १०७ पुरतात. पास विकत घेऊन झाल्यावर मापाच्या पट्टीपाशी मुलाला परत पाठवले, तर त्याचे रडणे दिवसभर पुरते. तिकिटाचे वयोगटही निराळे आहेत. तुमची तेरा वर्षांची मुलगी टोकियोत १२ ते १७ या गटात मोडेल आणि तिला सवलत मिळेल, पण ओसाकात बारा वर्षे पूर्ण झाली की पूर्ण तिकीट पडते.

म्हापसेकर, म्हापसा

माझ्या मते पैसे खर्च करायचेच असतील, तर ते ओसाकात करावेत.

युनिव्हर्सल स्टुडिओतील ‘सुपर निन्टेन्डो वर्ल्ड’ हा मारिओच्या व्हिडिओ गेमवर बेतलेला भाग मार्च २०२१ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याला डाँकी काँगचा भाग जोडला गेला. मुलांना ओसाका हवे असते ते बहुतेक याच्यासाठी. इथे अडचण राईडच्या रांगेची नसून त्या भागात प्रवेश मिळण्याची आहे. सकाळी दार उघडताच तिकडे गेलात, तर सहसा तसेच आत सोडतात. गर्दी वाढली की वेळ नोंदवलेले प्रवेशपत्र लागते. ते मोफत असते, परंतु पार्कमध्ये शिरल्यावरच ॲपवर मिळते आणि गर्दीच्या दिवशी लवकर संपते. या भागातील राईड ज्या एक्स्प्रेस पासात असतात, त्यांत तिथल्या प्रवेशाची वेळही धरलेली असते. त्याची जास्तीची किंमत मोजावी लागते ती मुख्यतः या निश्चिंतीसाठी.

तो घेताना तीन गोष्टी लक्षात असू द्या. एक्स्प्रेस पासात प्रवेशाचे तिकीट धरलेले नसते, ते वेगळे काढावे लागते. पासाचे प्रकार अनेक आहेत आणि नावे इतकी सारखी आहेत की घाईत भलताच घेतला जातो, म्हणून आत कोणत्या राईड आहेत त्यांची यादी वाचूनच पैसे भरा. आणि किंमत तारखेनुसार बदलते, तेव्हा कोणी ‘मी इतक्याला घेतला’ असे सांगितले तरी त्यावर आपला हिशेब बांधू नका.

पहाटे उठून दारावर उभे राहण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांना हा पास नसला तरी चालते. जाहीर केलेल्या वेळेच्या आधीच दारे उघडण्याचा त्यांचा परिपाठ आहे. परंतु सोबत वयस्कर आई असताना ही धावपळ मी सुचवणार नाही.

दाबोळीचा वारा, वास्को

वरील मताशी मी असहमत आहे आणि थोडे तात्त्विक बोलतो, त्याबद्दल क्षमस्व.

एका तासात एक राईड किती माणसे नेऊ शकते, हे ठरलेले असते. पास विकल्याने एकही आसन वाढत नाही. पासवाल्यांना पुढे घेतले की साधी रांग तेवढ्या प्रमाणात मंदावते, रांग मंदावली की अधिक लोकांना पास घ्यावासा वाटतो, आणि जो त्रास दूर करण्यासाठी आपण पैसे देतो तो काही अंशी त्या विक्रीतूनच निर्माण झालेला असतो. अमेरिकेत डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास हा रांग टाळण्याचा पास आणला तेव्हा तो सर्वांना मोफत होता. २०२१ मध्ये त्याच्या जागी पैसे घेणारी व्यवस्था आली. टोकियोतही पूर्वी फास्टपास मोफत होता, आणि प्रीमियर ॲक्सेस आला तो २०२२ मध्ये.

चौघांनी एका राईडसाठी प्रत्येकी २,००० येन दिले, तर ८,००० येन होतात, म्हणजे स्वस्त दिवसाचे एक संपूर्ण प्रवेश तिकीट. अशा तीन राईड घेतल्या, तर त्याच पैशांत तीन माणसे आणखी एक दिवस आत घालवू शकतील. घाई करून सगळे पाहण्यापेक्षा मी तो जास्तीचा दिवस निवडीन. मारिओ कार्टला एकेकट्याने बसणाऱ्यांची वेगळी रांग असते, तिचा उपयोग तुमच्या मुलीला होऊ शकेल. एकत्र बसण्याचा हट्ट सोडला की बराच वेळ वाचतो.

कळंगुटची लाट, कळंगुट

तात्त्विक मुद्दा पटतो, पण मे महिन्यात पाच माणसांना घेऊन गेलेल्याला तत्त्वज्ञानाचा आधार किती मिळेल, याची शंका आहे.

जपानची पद्धत त्रासदायक वाटत असेल, तर तुलनेसाठी अमेरिकेतल्या ऑर्लँडोकडे पाहा. तिथल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये जुलै २०२४ पासून लायटनिंग लेनचे, म्हणजे तिथल्या विकतच्या छोट्या रांगेचे, बुकिंग आगाऊ करता येते. त्यांच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना सात दिवस आधी आणि इतरांना तीन दिवस आधी. खिडकी उघडते तिथल्या सकाळी सात वाजता, म्हणजे उन्हाळ्यात आपल्या दुपारी साडेचारला आणि हिवाळ्यात साडेपाचला. बाहेर उतरणारा माणूस त्याच खिडकीपाशी येतो तेव्हा चांगल्या वेळा चार दिवस आधीच उचललेल्या असतात. टोकियोत निदान सर्वांना एकाच दारातून आणि त्याच दिवशी खरेदी करावी लागते. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना पंधरा मिनिटे आधी आत सोडतात खरे, परंतु चार दिवसांच्या तुलनेत ते काहीच नाही.

अंत्रूजकर, फोंडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तारखांचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नसता; विमानाची तिकिटे काढायची आहेत, तेव्हा आता मेच्या दुसऱ्या पंधरवड्याचेच पाहतो.

एक शंका उरली आहे. भारतीय कार्ड जपानी संकेतस्थळांवर नाकारले जाते, अशा तक्रारी बऱ्याच ठिकाणी वाचल्या. आत गेल्यावर ॲपवर पास घेताना ओटीपी भारतातल्या क्रमांकावर येईल, त्याचे काय करावे?

मांडवीतीर, पणजी

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२० पासून नव्या कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात, ते आपण स्वतः चालू करावे लागतात. बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही चालू करा, मर्यादा वाढवा आणि घरातल्या दुसऱ्या व्यक्तीचे वेगळ्या बँकेचे कार्डही तयार ठेवा. भारतीय सिमवर रोमिंग सुरू करून ते फोनमध्येच राहू द्या, म्हणजे ओटीपीचा संदेश येईल. इंटरनेटसाठी जपानचे ई-सिम घ्या. तरीही प्रवेश तिकिटाचे पैसे गेले नाहीत, तर क्लूकसारख्या अधिकृत विक्रेत्याकडून ते घ्यावे.

पाचही तिकिटे एकाच फोनवरील डिस्नेच्या ॲपमध्ये जोडून ठेवा. ती जोडलेली नसली, तर सर्वांचे पास एकत्र घेता येत नाहीत आणि दाराच्या आत उभे राहून एकेकाचा क्यूआर कोड शोधण्यात सकाळची सर्वांत मोलाची मिनिटे जातात. हे काम हॉटेलात आदल्या रात्री उरकावे. कार्डाचा तपशीलही तेव्हाच भरून ठेवावा.

मुले कशासाठी येत आहेत, हे त्यांनाच विचारा आणि टोकियोत दिवसाला एका राईडचा पास आत शिरताच घ्या. डिस्नेलँडच्या दिवशी तो ‘ब्युटी अँड द बीस्ट’चा असावा असे मी सुचवीन. स्पेस माउंटन मात्र यादीतून काढून टाका; जुनी राईड जुलै २०२४ मध्ये बंद झाली असून नवी २०२७ मध्ये येणार आहे.

अंत्रूजकर, फोंडा

ठरले. टोकियोत दिवसाला एक पास, तोही बसणाऱ्यांपुरता. ओसाकात मुले आणि मी अशा तिघांसाठी एक्स्प्रेस पास घेतो. पत्नीने तो नको म्हणून सांगितले आहे, ती आईसोबत थांबेल. वास्कोच्या मित्रांचा जास्तीच्या दिवसाचा हिशेब मी घरी मांडून पाहिला, परंतु मुलीच्या शाळेची तारीख आड येते.

मुलाची उंची आज मोजली. ती ११९ सेंटिमीटर भरली, म्हणजे मारिओ कार्टमध्ये त्याच्यासोबत मलाच बसावे लागणार.

साखळीची माई, साखळी

बूट काढून मोजली ना? तिथे बुटांच्या जाड तळव्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

अंत्रूजकर, फोंडा

होय माई, अनवाणी उभा करूनच मोजली.