मदत हवी आहे: आईची दाढ भाकरी खाताना हातात आली. आधी हिरड्या की थेट इम्प्लांट?

आई ६२ वर्षांची, कराडजवळ गावी राहते. साखर आहे, गेल्या महिन्यात एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ९.१ आलं. मिश्री लग्नाच्या आधीपासून.

मागच्या रविवारी भाकरी खाताना तिची खालची दाढ निघाली. दुखलं नाही म्हणून कुणाला सांगितलंही नाही. मंगळवारी ती मला मिश्रीच्या डबीत सापडली, कागदात गुंडाळलेली. कीड नावाला नाही, अख्खी दाढ. मुळांना मात्र काळपट खडे चिकटलेले. समोरचे खालचे दोन दातही जिभेने ढकलले तरी हलतात.

दोन डॉक्टर झाले. पहिल्यांनी एक्स-रे वर धरला आणि म्हणाले, सगळे काढून टाकू, पाच दिवसांत फिक्स दात, पैसे हप्त्याने. साखर किती, हे विचारलंसुद्धा नाही. दुसरे पुण्यातले, हिरड्यांचे एमडीएस. त्यांनी खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी घालून पाहिली. ते आकडे सांगत होते, सहायक लिहीत होती: चार, सात, सात, पाच... आई म्हणाली, "मटका लावताय का?" त्यांचं म्हणणं, ते दोन दात जातील, बाकीचे बरेचसे वाचतील. आधी भूल देऊन खोल सफाई, मिश्री बंद, साखर खाली. दोन महिन्यांनी पुन्हा मोजायचं आणि मग इम्प्लांटचं बोलायचं.

मला दुसरे पटतात. पण घरचे म्हणतात, एवढं थांबलो तर उरलेलेही पडतील. शेजारच्या काकूंनी तर सांगूनच टाकलंय की सफाई केली की दात हलायला लागतात. कुणाला अनुभव आहे का?

चंद्रभागा: माझ्या सासऱ्यांचं सांगते. हिरड्यांतून रक्त येत असतानाच इम्प्लांटचे दोन स्क्रू बसवून घेतले. दीड वर्षात एक हलायला लागला, आजूबाजूचं हाड गेलं म्हणे. आम्हाला वाटलेलं, धातूला काय होणार! कीड लागत नाही हे खरं, पण हिरडीचा रोग त्यालाही होतो. पैसे तर गेलेच, वर तिथलं हाडही गेलं.

दातकोरणी: ताई, मी याच विषयात काम करतो, पेशंट न बघता जेवढं बोलता येईल तेवढं बोलतो. दाढ निघाली ती हाड झिजल्यामुळे, म्हणून कीड दिसली नाही. हिरडी आणि दात यांच्यातली फट साधारण ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, ७ म्हणजे खूप खोल. काकूंना सांगा, सफाईने दात सैल होत नाहीत. आधीच सैल असतात, दातांवर साचलेल्या दगडाने (तुम्हाला मुळांवर दिसले तेच खडे) एकमेकांना धरून ठेवलेलं असतं एवढंच. दगड निघाला, सूज उतरली की फटी दिसतात, गार पाणी झिणझिणतं. घाबरू नका.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, आणि हाड त्याला थेट धरतं. स्वीडनच्या ब्रोनेमार्कनी १९६५ साली पहिल्या पेशंटला बसवला, तेव्हापासून सगळा भरवसा त्या हाडावरच आहे. पकड यायला साधारण तीन ते सहा महिने जातात. एचबीएवनसी ९ च्या पुढे असताना जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्ग लवकर होतो. उलटही खरं आहे: हिरड्यांतला पू साखर वर ठेवतो, सफाईनंतर ती थोडी उतरते. म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी लावलेला क्रम मलाही पटतो. मधल्या काळात समोर काढती कवळी चालेल.

एक विचारायचं राहिलं. आईंना हाडं ठिसूळ होण्यावर काही गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे का? असेल तर दात काढण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, जबड्याच्या हाडाची जखम न भरण्याचा धोका असतो. आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

ठाणेकर_५२: खर्चाची अडचण असेल तर मुंबईत नायरचं दंत महाविद्यालय आहे, सेंट जॉर्जच्या आवारात सरकारी आहे. दोन्हीकडे हिरड्यांचा वेगळा विभाग. सकाळी लवकर जा, डबा घेऊन. विद्यार्थी हळू करतात, पण वरचे सर येऊन तपासतात. खाजगीत इम्प्लांट केलात तर कंपनी, माप आणि लॉट नंबर लिहिलेलं कार्ड मागून घ्या.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. आईला फोन करून विचारलं, हाडांची गोळी घेतेस का? म्हणाली, नाही. मग म्हटलं, आठवड्यातून एकदाच घ्यायची, उपाशीपोटी? तर म्हणते, "ती होय, रविवारची! दोन वर्षं घेतेय की. पण ती गुडघ्यांसाठी आहे, दातांचा काय संबंध?"

पाकिटाचा फोटो मागवलाय, आला की पुण्याला पाठवते. मिश्रीची डबी माझ्या पर्समध्ये आहे. दुसरी कुठे ठेवलीय ते अजून सापडलं नाही.