मदत हवी आहे : एअर पिस्तुलाचा ट्रिगर आणि साईट घरच्या घरी सुधारता येतील का? (इंदूर)

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला सुदामा नगरात राहतो आणि दहा मीटर एअर पिस्तूल हा प्रकार हौसेने खेळतो. वय पन्नाशीला आले आहे, त्यामुळे पदकांची हाव नाही. ज्येष्ठ गटात नियमांत बसणाऱ्या पिस्तुलाने नेटका खेळ व्हावा, एवढीच इच्छा आहे. माझ्याकडचे पिस्तूल ४.५ मिलिमीटर कॅलिबरचे, लीव्हर एकदा उघडून मिटली की एका छर्‍यापुरती हवा दाबली जाते अशा जातीचे, जुने आणि मधल्या किमतीचे आहे. नळी व झडप यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही, कारण पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून मारले तर छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातात. हातात धरून मारले की मात्र ते विखुरतात. त्यातला माझ्या हाताचा वाटा वजा केला तरी ट्रिगर आणि साईट (नेम धरण्याचे पुढचे पाते व मागची खाच) या दोन ठिकाणी सुधारणेला जागा आहे असे वाटते.

आधी ट्रिगरविषयी. पहिला टप्पा हलका आणि स्वच्छ आहे. दुसऱ्या टप्प्यात बोट अडले असे वाटते न वाटते तोच ट्रिगर खरखरत पुढे सरकू लागतो आणि छर्रा नेमका केव्हा सुटेल याचा अंदाज येत नाही. सुटल्यानंतरही तो बराच मागे जातो, त्या वेळी नळीचे तोंड किंचित खाली झुकते. शिवाय ट्रिगर आपल्या पिनीवर डावीउजवीकडे डुगडुगतो. किराणा दुकानदार मित्राकडून वजनमापे खात्याचा शिक्का असलेली वजने आणून, तारेचा आकडा करून मोजले, तेव्हा ट्रिगर साधारण ७५० ग्रॅमला सुटतो असे दिसले. नियमाने किमान ५०० ग्रॅम लागतात, म्हणजे उतरायला वाव आहे. परंतु वजनाचा स्क्रू आधीच पूर्ण सैल केलेला आहे. पोलोग्राउंडमधल्या लेथवाल्या ओळखीच्या कारागिराचे म्हणणे असे की, स्प्रिंगचे दोन वेढे कापावेत आणि सिअरवर, म्हणजे ट्रिगर ओढेपर्यंत यंत्रणा अडवून धरणाऱ्या तुकड्यावर, दगड फिरवावा, म्हणजे ट्रिगर लोण्यासारखा होईल. त्याचा हात उत्तम आहे, पण पिस्तूल त्याने कधी उघडलेले नाही, म्हणून धीर होत नाही.

आता साईट. पुढचे पाते ४.५ मिलिमीटर रुंद आहे, मागची खाच ३.४ मिलिमीटर. दोन्हींमधले अंतर ३०० मिलिमीटर आणि हात ताणल्यावर डोळ्यापासून मागच्या साईटपर्यंत ६२० मिलिमीटर भरते. पात्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या फटी अगदी बारीक दिसतात आणि संध्याकाळी ट्यूबलाईटखाली तर त्या दिसेनाशाच होतात. पात्याची वरची कड चमकते ती वेगळीच. खाच कानसीने थोडी रुंद करावी असा माझा विचार आहे. मला प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे, हेही सांगून ठेवतो.

महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमुळे नेमबाजी आपल्या भागाला परकी नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार त्याच युनिटचे. पण तिथला आर्मरर, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणारा कारागीर, काही माझ्यासारख्या हौशी माणसाच्या वाट्याला येणार नाही. तेव्हा यातले काय घरी करण्याजोगे आहे आणि कशाला हात लावू नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

नमस्कार. मी टिळक नगरात राहतो आणि ओळखीच्या नेमबाजांची पिस्तुले बरीच वर्षे उघडत आलो आहे. आपण मापे देऊन प्रश्न विचारलात हे फार बरे केलेत, कारण त्यामुळे निम्मे उत्तर कागदावरच निघते.

कानस सध्या बाजूला ठेवावी आणि आधी चष्म्याकडे पाहावे. प्रोग्रेसिव्ह काचेत वरून खाली नंबर बदलत जातो, त्यामुळे मान जराशी कलली की पाते वेगळ्याच नंबरातून दिसते, आणि नेमबाजीत तर प्रत्येक वेळी डोके त्याच जागी यावे लागते. नेम धरणाऱ्या डोळ्यासाठी लांबच्या नंबरात ०.५० किंवा ०.७५ मिळवून एकाच नंबरची काच करून घ्यावी. त्याने पाते कडक दिसते आणि काळे वर्तुळ थोडे धूसर होते. ते तसेच व्हायला हवे. चष्मेवाल्याकडे पिस्तूल घेऊन जाऊ नये. पात्याच्या अंतरावर, म्हणजे ६२० अधिक ३०० मिळून ९२० मिलिमीटरवर, धरलेली एक काळी पट्टी पुरते. भिंग साईटवर बसवणे नियमात बसत नाही, चष्म्यात चालते.

आता फटींचे गणित. आपले ४.५ चे पाते डोळ्यापासून ९२० मिलिमीटरवर आहे, म्हणून ६२० वरच्या खाचेत ते ३.०३ मिलिमीटर रुंद दिसते. खाच ३.४ ची, म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम ०.१८ उरतात. पाते ४.० चे केले तर फट ०.३५ होते, जवळजवळ दुप्पट, ३.६ चे केले तर ०.४९. खाच एकदा रुंद झाली की पुन्हा अरुंद होत नाही, पाते मात्र दुसरे करता येते. म्हणून बदल पात्यात करावा. आपल्या कारागिराकडून ४.० आणि ३.६ अशी दोन पाती करून घ्यावीत, उंची अगदी मूळ पात्याइतकीच ठेवावी. पात्याचा आपल्याकडचा चेहरा वरून थोडा आपल्याच दिशेला झुकलेला, म्हणजे खालून आत कापलेला असावा. त्याने वरच्या कडेवर प्रकाश पडून ती चमकत नाही. रोजच्या वापराला कापराची काजळी उत्तम. कापराची वडी पेटवून तिच्या धुरात पाते व खाच धरावी, मात्र दोन्ही आधी सुटी काढून घ्यावीत, पिस्तुलाच्या रबरी सीलजवळ आग नेऊ नये. या काजळीसारखा निस्तेज काळा रंग दुकानात सहसा मिळत नाही. बोट लागले की मात्र ती पुसली जाते.

या कामात एवढी काटेकोरता का, तेही पाहावे. ३०० मिलिमीटरच्या अंतरावर पाते खाचेत ०.१ मिलिमीटर सरकले, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे ३.३ मिलिमीटर सरकतो. दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर बाहेर, म्हणजे पाव मिलिमीटरहून कमी चुकीत एक गुण जातो. हात तेवढाच थरथरला, पण साईट एकमेकींशी सरळ राहिल्या, तर नुकसान त्या मानाने नगण्य असते.

ट्रिगरबाबत आपल्या कारागिराच्या दोन्ही सूचना मी मानणार नाही. सिअरची कडक केलेली कातडी पातळ असते. दगड फिरवताना ती निघाली किंवा कोन पाव अंशाने जरी बदलला, तरी पिस्तूल लीव्हर मिटतानाच सुटू शकते. स्प्रिंग कापली की उरलेले वेढे अधिक ताठ होतात. सुरुवातीला हलके वाटले तरी दाबत नेताना जोर भराभर वाढतो. त्यापेक्षा तेवढ्याच लांबीची आणि व्यासाची, पण बारीक तारेची स्प्रिंग करून घ्यावी. ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो, त्यामुळे ०.६० ऐवजी ०.५५ मिलिमीटर तार घेतली तरी तो सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. सगळे ७५० ग्रॅम काही स्प्रिंगचेच नसतात, तेव्हा मोजत मोजत जावे.

खरखरीचे कारण पुष्कळदा वाळलेले ग्रीस असते. ग्रिप काढून सिअरचे धातूचे भाग तेवढे अल्कोहोलने स्वच्छ करावेत आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे ग्रीस काडीच्या टोकाने नावापुरते लावावे. पिनींना शिलाई मशीनचे तेल चालते, रबरी सीलला फक्त सिलिकॉन तेल. डुगडुगीसाठी ट्रिगरच्या दोन्ही बाजूंना पिनीवर ०.१ मिलिमीटरची पितळी वायसर बसते का ते पाहावे. सियागंजात पितळी शिमचा पत्रा मिळतो. सिअरच्या पकडीचा बारीक स्क्रू आपल्या पिस्तुलाला असेल तर तो एका वेळी अष्टमांश फेराच फिरवावा. मागे जाणारी चाल थांबवण्याचा स्क्रू असेल, तर पिस्तूल सुटायचे थांबेपर्यंत तो आत घ्यावा, मग अर्धा फेरा सैल करून नेलपॉलिशचा थेंब लावावा. अगदी काठावर ठेवलेला स्क्रू थंडीच्या सकाळी हमखास दगा देतो.

प्रत्येक बदलानंतर छर्रा न घालता पिस्तूल भरावे, नळी छर्रे अडवणाऱ्या पेटीकडे ठेवावी, लीव्हर जोराने मिटून पाहावी आणि रबरी हातोडीने ग्रिपवर सर्व बाजूंनी ठोकावे. एकदाही आपोआप सुटले, तर शेवटचा बदल मागे घ्यावा. लीव्हर उघडी असताना बोट ट्रिगरजवळ नको. वजनाची चाचणीही हवा भरलेल्या स्थितीतच करावी, कारण स्पर्धेत ती तशीच होते: नळी उभी धरून ५०० ग्रॅम उचलावे लागतात. आकडा ट्रिगरच्या टोकाला घसरला तर तेच वजन लांबच्या भुजेवर येऊन ट्रिगर लवकर सुटतो, म्हणून बोट टेकते तिथे आकडा अडकवून ५३० च्या आसपास थांबावे. मोजताना आकड्याचे वजन त्यात धरावे.

मूळ प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपण इतक्या बारकाईने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काच करायला टाकली आहे, कानस कपाटात गेली. दोन शंका उरतात. पाती कोणत्या धातूची करावीत? आणि आधी ट्रिगर हलका करावा की त्याचा सरकणारा दुसरा टप्पा नीट करावा?

प्रतिसाद

पात्याला साधे पोलाद पुरे; ॲल्युमिनियमची कड लवकर बोथट होते. ट्रिगरमध्ये मात्र आधी स्वच्छता, मग वायसर, मग पकडीचा स्क्रू, आणि स्प्रिंग सर्वांत शेवटी. स्वच्छ सुटणारे ७०० ग्रॅम हे खरखरणाऱ्या ५०० ग्रॅमपेक्षा केव्हाही चांगले. कदाचित सफाईनंतर आपल्याला स्प्रिंग बदलावीशी वाटणारही नाही. ०.१ च्या काही पितळी वायसर माझ्याकडे पडून आहेत; पिनीचा व्यास व्हर्निअरने मोजून इथे कळवा, बसणाऱ्या असतील तर देतो.