मदत हवी आहे : कोंबड्यांच्या राखणीला कुत्रं कोणतं?

राम राम मंडळी. जिंतूरकडं आमचा आखाडा (शेतातलं घर-गोठा) आहे. ४० गावरान कोंबड्या होत्या, आता २७ राहिल्या. मुंगूस दिवसाढवळ्या पिल्लं उचलतं, रात्री रानमांजर येतं. परवा पहाटे खुराड्याच्या जाळीखालची माती उकरलेली, खुडूक कोंबडीची नुसती पिसं आणि ११ अंडी गार पडलेली. लई जीव तुटला.

राखणीला कुत्रं ठेवायचं म्हणतोय. शेजारी कारवान घ्या म्हणतात, पण ते शिकारीचं कुत्रं. पळतं दिसलं की मागं लागणारच. उद्या आमचीच कोंबडी धरली तर? धनगरांची कुत्री मेंढरांतच वाढतात, म्हणून कळपाला आपलं मानतात. तसं दीड-दोन महिन्यांचं गावठी पिल्लू कोंबड्यांजवळ वाढवलं तर जमेल का?

खरी अडचण पहिल्या वर्ष-दीड वर्षाची. त्या वयात पिल्लू खेळता खेळता कोंबडी मारतं. तोवर तुम्ही कसं सांभाळलं? कायम साखळीला बांधलं तर राखण कसली होणार! कुत्रा बरा की कुत्री? मेलेली कोंबडी त्याच्यापुढं टाकायची नाही, एवढं ठरवलंय.

ज्यांनी स्वतः पाळलंय त्या दादा-तायांनी जरूर सांगा. पावसाळ्याआधी पिल्लू आणायचंय.